आधी धुणं, मग औषध

८ ऑक्टोबर, बुधवार
शुगर १५२. गोळी घेतली. (मी हातावर ठेवली तेव्हा घेतली. – मंगल)

ही वही शुगरची. डॉक्टरांनी माझ्या सुनेला, मंगलला, सांगितलं, रोजचा आकडा लिहीत जा. आकड्यापुढं अख्खं पान कोरं राहतं, ते मला बघवत नाही. म्हणून मी सांगते, मंगल लिहिते. मला अक्षर येत नाही आणि तिला नाही म्हणता येत नाही. जोडी बरी जमलीय.

केतू आज उन्हातच घरी आली. चहा नको म्हणाली. माझ्या नातीनं चहा नको म्हटलं म्हणजे कुणीतरी गेलंय. गेल्या होत्या सहा बाटल्या. तिच्या लॅबमध्ये चाळीस होत्या, चौतीस उरल्या. आत पिंजलेल्या कापसासारखी बुरशी. फोनवर फोटो दाखवला. मी म्हटलं, उशीत भरण्याइतकी आहे. हसली नाही.

तिचे सर म्हणाले, पुसायचं औषध बदला. कुठलं आणायचं ते तूच शोध आणि दिवाळीच्या सुट्टीआधी लिहून दे.

९ ऑक्टोबर, गुरुवार
शु. १४८. बाटल्या ३३.

बाटल्यांत काय आहे ते मंगलला लिहायला सांगते, नाहीतर उद्या कुणी वाचलं तर लोणचं वाटायचं.

वणीकडं माझ्या माहेरच्या विहिरीवर द्राक्षाचा वेल होता. वडिलांनी लावलेला. जाड सालीची, बियांची द्राक्षं. बाजारात कुणी विचारायचं नाही, पण वेलाला औषध मारल्याचं मला आठवत नाही. फवारणी नाही की काही नाही, आणि तरी दर वर्षी घोस. केतूला त्याचंच नवल. ती म्हणते, या वेलात काय आहे ते कळलं तर बाकीच्यांच्या फवारण्या कमी होतील.

माझा धाकटा भाऊ नामा. त्यानं विहीर रुंद करायला पोकलेन आणला आणि वेल मुळासकट काढला. "एका येलापायी पोकलेन थांबत नाय, आक्का." सहा महिने मी त्याच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण कमी.

केतूनं त्याआधी शेंडे कापून आणले होते. कोंब फुटतो तो एकेक डोळा एकेका बाटलीत, खाली चायना ग्राससारखी जेली. आजूबाजूच्या गावांत फिरून आली, तसा वेल कुठं नाही. आता जो काही आहे तो बाटल्यांत.

११ ऑक्टोबर, शनिवार
शु. १६१. (शंकरपाळ्या. – मंगल) चाखून बघायला नको?

केतूनं तीन औषधांचा नमुना आणला. म्हणाली, "आजी, तू सांग." चेष्टा करत होती, पण मी मनावर घेतलं. दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत सव्वीस वर्षं आया होते मी. लेबल वाचता यायचं नाही. झाकणाचा रंग आणि वास, यावर चालायचं. एकदा कंपनीनं झाकणाचा रंग बदलला आणि मी भलतंच ओतलं. मेट्रनबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सगळ्या बाटल्या लांबून हुंगायला लावल्या. तेव्हापासून माझं नाक मॅट्रिक पास.

डोळे मिटून तिन्ही ओळखली. पहिलं स्पिरिट. केतू सांगते, त्यात पाणी घालावंच लागतं. निखळ वापरलं तर लगेच उडून जातं, जंतू भिजतसुद्धा नाही. पण बुरशीचं बी त्यानं मरत नाही. दुसरं ब्लीच. बी मारतं, पण स्टीलला खातं, आणि पातळ करून चार दिवस ठेवलं की त्यातला जीव जातो. तिसरं गुलाबी. लग्नात शिंपडतात तसा वास. सरांना तेच आवडलंय. विकणारा सांगून गेला की शंभरातले नव्याण्णव जंतू मारतं.

मी म्हटलं, "उरलेला एक तुझ्याकडं मुक्कामाला आलाय."

यावर हसली. चहा पण घेतला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
शु. १४४. बा. २७.

केतूनं परीक्षा लावली. त्यांच्याकडं एक काचेचं कपाट असतं, त्यात गाळलेली हवा सोडतात आणि बाटल्या तिथंच उघडतात. त्यातल्या पत्र्याचे तीन भाग केले. एक गुलाबीनं पुसला, एक स्पिरिटनं, एक ब्लीचनं. ठरलेला वेळ थांबली. मग कापसाचा बोळा फिरवून जेलीच्या थाळ्यांवर टेकवला. ज्या थाळीत काही उगवणार नाही ते औषध पास. सासूनं तीन सुनांना भाकऱ्या थापायला बसवावं तसं. (मला एकटीलाच बसवलं होतं. – मंगल)

नामाचा फोन. "आक्का, येल जगला का?" सत्तावीस आहेत म्हटलं. "सत्तावीस येल?" सत्तावीस बाटल्या.  मग म्हणाला, मका चांगलाय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस
शु. १५५. बा. १९.

तिन्ही सुना नापास. तिन्ही थाळ्यांत बुरशी. ब्लीचच्या थाळीतसुद्धा. सर म्हणाले, तुझं ब्लीच जुनं असेल, गुलाबीच आणू, निदान खोलीला वास तरी बरा येईल. आणखी म्हणाले, दिवाळीनंतर बाटल्या अशाच मरत राहिल्या तर द्राक्षाचं काम थांबवू. ती फळी केळीच्या रोपांना हवीय.

केतू न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. नळ सोडला की रडणं ऐकू येत नाही असं या घरातल्या सगळ्या बायकांना वाटतं. मंगलला पण वाटायचं. (हे लिहायची गरज नव्हती. – मंगल)

मला एक कळत नाही. ब्लीच ताजं होतं. तिनं माझ्यादेखत तारीख वाचली होती. मग बी मरत का नाही?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी
शुगर बघितली नाही. बघायचं धैर्य नाही.

घर झाडायला काढलंय. मंगलनं देव उतरवले, खालचा पाट उचलला आणि "ई, आई" म्हणून मागं सरकली. पाटाखाली फरशीवर बुरशी. हिरवी, पांढरी, केसाळ. पाट वरून चकचकीत. मी रोज पुसते.

नारळाचं पाणी. खंडेनवमीला मिक्सर, शिलाई मशीन, केतूची स्कूटर सगळ्यांची पूजा केली, नारळ पाटावर फोडला, पाणी खाली गेलं. गोड पाणी ते. बुरशीला सदावर्त.

मी खाली बसले ती बसलेच. मंगल म्हणाली, चक्कर आली का? चक्कर नाही आली. आठवण आली.

लिही म्हटलं. मग म्हटलं नको लिहू. मग म्हटलं लिही.

लॅबमध्ये साफसफाईला शोभा आहे. कंत्राटावर. पोर चांगली आहे, केतूच्या ओळखीनं माझ्याशीही बोलते. दसऱ्याला लॅबला सुट्टी म्हणून आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांची पूजा होती. केतू त्या दिवशी वणीकडं, वेल आणखी कुठं उरलाय का बघायला. शोभाचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, पूजा कशी मांडू?" मी सांगितलं, ज्या यंत्रावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लाव, झेंडू वाहा, नारळ फोड. ती म्हणाली, "नारळ दाराबाहेर फोडते. मॅडम आत काही न्यायचं नाही म्हणतात."

आणि मी म्हणाले, "देवाला कधी उंबऱ्याबाहेर पान वाढतेस का? आत फोड."

काचेच्या कपाटात फोडला. फोनमध्ये मी बघत होते. "आजी, पाणी फटीत गेलं."

"जाऊ दे," म्हटलं मी. "तीर्थ आहे."

शोभानं पत्रा पुसून लख्ख केला. वरून. दोन दिवसांनी केतूनं त्याच कपाटात चाळीसच्या चाळीस बाटल्या उघडून नव्या जेलीवर बसवल्या.

(आई जेवल्या नाहीत. केतकीला अजून सांगितलेलं नाही. – मंगल)

१९ ऑक्टोबर, रविवार
शु. १३८. अपराध्याची शुगर उतरते असं दिसतंय.

आधी शोभाला फोन केला. ती घाबरली. "आजी, माझं नाव नका घेऊ. कंत्राट तोडतील." मी म्हटलं, नारळ तू फोडलास, पण तोंड माझं होतं. माझंच नाव घेते. मला कोण काढणार? माझं वय झालंय, घरातून काढायचं म्हटलं तरी मंगलला शुगरची वही बंद करावी लागेल.

मग केतूला सांगितलं. खाली बघून सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "आजी, चाळीस होत्या गं."

ओरडली असती तर मी चार शब्द परत दिले असते. याला काय देणार.

थोड्या वेळानं आतून चावी घेऊन आली. "चप्पल घाल."

स्कूटरवर मागं बसून लॅबला गेले. मला आत घेतलं नाही, काचेच्या दारापाशी खुर्ची दिली. बरोबर आहे. शोभाला बोलावून घेतलं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, मी तर रोज पुसते." केतू म्हणाली, "मी पण पुसते शोभाताई. पत्रा कुणी उचललाय?" कुणीच नाही. पत्र्याला चार स्क्रू आहेत आणि आजवर कुणी हात लावलेला नव्हता. शोभाला तर तो निघतो हेच माहीत नव्हतं.

चारही स्क्रू काढले. केतूनं तोंडाला मास्क लावला, शोभाला दिला. पत्रा वर आला आणि दोघी तिथंच थांबल्या. काचेतून मला नीट दिसेना. शोभा म्हणाली, "आजी, तुमचं तीर्थ."

खाली चिकट डाग, त्यावर हिरवी लोकर. तांदळाचे चार दाणे. झेंडूची पाकळी. नारळाची शेंडी पण.

केतू ब्लीच ओतायला निघाली. मी दार वाजवलं. मेट्रनबाईंनी पहिल्या दिवशी मला शिकवलं ते सांगितलं. आधी धुणं, मग औषध. घाणीवर औषध ओतलं तर औषध घाणीशीच भांडत बसतं, खालच्याला शिवत नाही. केतू म्हणाली, "हे मला माहीत आहे, आजी. परीक्षेत लिहिलंय." मी म्हटलं, मग आता हातानं लिही.

वाळकं झटकायचं नाही, बी उडतं. ओल्या फडक्यानं उचललं. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतलं. मग ताजं ब्लीच, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मधे सुकलं तर परत. मग साध्या स्वच्छ पाण्यानं पुसणं, नाहीतर पत्रा गंजतो. शेवटी स्पिरिट. शोभा संडास धुवायचं अ‍ॅसिड पण घेऊन आली होती, लवकर होईल म्हणून. केतूनं आणि मी एकदमच नाही म्हटलं. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं तर विषारी वाफ. दवाखान्यात एक आया त्यापायी खोकत खोकत घरी गेली होती.

येताना सिग्नलला केतू म्हणाली, "आजी, अजून राग आहे मला."

"असू दे," म्हटलं. "स्कूटर नीट चालव."

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
शु. १६६. आज कुणी बोलायचं नाही.

केरसुणीची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं. शोभाचा फोन. "आजी, लॅबच्या झाडूला काय करू?" मी म्हटलं, "लांबून नमस्कार कर. नारळ घरी फोड." दोघी हसलो. खूप दिवसांनी हसली ती.

बा. १२.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
शु. १५८.

नामा आला. ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत वेलाची वाळकी मुळी. करंगळीएवढी. "विहिरीच्या मातीत घावली. केतूला हुईल कामाला?" केतू म्हणाली, मेलीय ती, मामाआजोबा. "ठाव हाय," म्हणाला. "तरी आनली."

जेवताना मी त्याला नारळाचं सगळं सांगितलं. वाटलं होतं मला हसेल. हसला नाही. म्हणाला, "म्हंजी आपन दोघांनी मिळून मारला म्हन की."

मी त्याला आणखी एक करंजी वाढली. दुसरं काय वाढणार.

२९ ऑक्टोबर, बुधवार
शु. १४१. बा. ११.

परीक्षा परत घेतली. या वेळी चार थाळ्या, चौथी चार दिवसांपूर्वी कालवलेल्या ब्लीचची. ताज्या ब्लीचची थाळी कोरी. काहीच नाही, नुसती जेली. केतूनं फोटो पाठवला तर मला वाटलं चुकून रिकामी बशी काढली. शिळ्या ब्लीचच्या थाळीत दोन ठिपके. स्पिरिटच्या थाळीत एक. गुलाबीत पाच, पण वास छान.

केतूनं सरांना उशिरा का होईना, लिहून दिलं. कपाट महिन्यातून एकदा पत्रा उचलून साबणानं धुणं. मग रोज सकाळी ताजं कालवलेलं ब्लीच, दहा मिनिटं, मग पाणी. दोन बाटल्यांच्या मधे हात आणि चिमटे पुसायला स्पिरिट. गुलाबी ऑफिसच्या फरशीला, सरांच्या समाधानाला. हे शेवटचं मी घातलं, तिनं कागदावर घातलं नाही.

सरांनी विचारलं, बुरशी आली कुठून? केतू म्हणाली, पूजेतून, आणि तो सल्ला माझ्या आजीचा. शोभाचं नाव घेतलं नाही.  सर म्हणाले, त्या दिवशी खोबरं मी पण खाल्लं होतं.

माणूस वाईट नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
शु. १४६.

आज अकरा बाटल्या नव्या जेलीवर. केतूनं एकेक उघडली. फोन बाजूच्या खोलीत ठेवून गेली, मला नुसता पंख्याचा आवाज ऐकू येत होता. तरी मी कानाला लावून बसले. (बत्तीस मिनिटं. मला माझ्या बहिणीला फोन करायचा होता. – मंगल)

सरांनी फळीसाठी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. केळीवाले वाट बघतायत. बघू देत, केळी काय कुठंही येतात.

८ नोव्हेंबर, शनिवार
शु. १५०. बा. १०.

एक गेली. कापूस वरच्या बाजूला. केतू म्हणाली ही आधीपासूनच आजारी होती, कपाटातून नाही आली. तिच्या आवाजावरून मला खरं वाटलं. पूर्वी बाटली गेली की ती आकडा सांगायची, आता कारण सांगते.

बाकी दहांची पानं हिरवी. एकीला तर तिसरं पान फुटलंय, नखाएवढं. मी फोनला बोट लावलं तर ते मोठं झालं. मंगल म्हणाली, आई, तो फोटो मोठा होतो, पान नाही. मला माहीत आहे. तरी बरं वाटलं.

राग गेला का असं केतूला विचारलं. म्हणाली, "आज नाहीये. उद्याचं सांगत नाही."

१२ नोव्हेंबर, बुधवार
शु. १३९. बा. १०.

संध्याकाळी केतूचा फोन. आवाज हळू. एका बाटलीत खाली जेलीत पांढरं काहीतरी दिसतंय. फोटो पाठवला. मी उजेडात धरला, मंगलनं चष्मा लावून बघितला, मग माझ्या डोळ्यांवर लावला.

बुरशी वर पसरते, कापसासारखी. हे खाली आहे. पण जंतू लागला तरी खालीच लागतो, बुडाशी दुधाळ होतं, असं केतू म्हणते. मूळ असेल तर रेघ असते. ही रेघ आहे की ढग, फोटोत कळत नाही. उद्या सकाळी भिंगाखाली बघणार. मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "आजी, वाटायचं बंद केलंय मी." पण चहा पितच बोलत होती. मला घोटाचा आवाज आला.

नामाला सांगितलं. सांगायला नको होतं. त्यानं लगेच रुंद केलेल्या विहिरीच्या कडेला खड्डा काढला आणि परत फोन केला. कुणी सांगितला तुला म्हटलं, अजून मूळ आहे की रोग तेच ठरलेलं नाही. "आसू दे," म्हणाला. "आपला काढून ठिवला. भरू का शेणखत घालून?"

मी म्हटलं, भरू नको. उघडा ठेव, ऊन लागू दे त्याला.